कातरणाची चूल

आनेकेवर माझा राग आहे आणि तो जायचा नाही. गल्लीतले म्हणतात, अंबूताई, गेली ना ती, आता सोडा. का सोडू? ती गेली म्हणूनच तर राग आहे. राहिली असती तर चार वेळा कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

आनेके म्हणजे आमच्या माडीवर भाड्यानं राहिलेली हॉलंडची बाई. योगासनं शिकायला म्हैसूरला आली, ती शिकून झाली तरी परत गेली नाही. तिकडच्या कुठल्या कंपनीचं काम इथं बसून कॉम्प्युटरवर करायची. पलीकडं गोकुळम भागात तिच्यासारखे गोरे ढिगानं राहतात, पण हिला म्हणे खरं म्हैसूर पाहिजे होतं, म्हणून अग्रहारात शिंप्यांच्या गल्लीत आमच्या वरच्या खोलीत येऊन राहिली. खाली पुढं आमचं टेलरिंगचं दुकान, मधे आम्ही दोघं, मागं परस. आमचे हे, म्हणजे रंगनाथ, चाळीसेक वर्षं त्याच एका मशीनवर बसलेले. गल्ली त्यांना रंगण्णा म्हणते.

वाईट बाई नव्हती हो. खोटं का बोलू? दोन वर्षांत कन्नड अशी बोलायला लागली की भाजीवाल्याशी घासाघीस करायची. आमची घरातली मराठी मात्र 'जेवलात का' आणि 'पुरे'च्या पुढं गेली नाही, म्हणून तिच्याशी आमचं सगळं बोलणं कन्नडमध्येच. दहीभात काट्यानं खायची. एप्रिलमध्ये ओला टॉवेल डोक्यावर टाकून बसायची, पण एसी बसवू द्यायची नाही. का, तर पृथ्वी तापते. शहाळ्यात घालायची स्टीलची नळी पर्समध्ये घेऊन हिंडायची, आणि शहाळेवाल्यानं सवयीनं प्लॅस्टिकची नळी खुपसली की अर्धा तास त्याचं डोकं खायची. इडलीला स्वतःचा डबा, दुधाला स्वतःचा तांब्या. रविवारी मैत्रिणींबरोबर एच. डी. कोटेला जाऊन झाडं लावायची आणि पाय मातीनं माखून यायची. आणि दर मे महिन्यात विमानात बसून आईला भेटायला जायची. तेव्हा पृथ्वी तापत नसेल बहुतेक.

एकदा तिनं काय केलं, सुम्ने, सहज आपलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जुनी चादर घेऊन जिन्यात बसली आणि फरशी पुसायला तिचे तुकडे करायला लागली. हातानं. फर्र करून. तो आवाज ऐकला आणि हे मशीनवरून उठून धावत जिना चढले. तिच्या हातातली चादर ओढून घेतली. तोंड पांढरंफटक. ती बिचारी घाबरली. म्हणाली, अंबूताई, माझं काय चुकलं?

मग मी तिला सांगितलं. आमच्या घरात कापड कातरीनं कापतात, हातानं कधी फाडत नाहीत. फाडतात ते एकाच वेळी. माणूस गेला की त्याच्यावर घालायचं कोरं कापड, ते. त्याला कातर लावायची नाही, सुई लावायची नाही. टाका पडला की ते त्या कामाचं राहत नाही. म्हणून शिंप्याच्या घरात कापड फाटल्याचा आवाज आला की समजायचं कोण तरी गेलं.

तिनं दोन्ही हात जोडून यांची माफी मागितली. नंतर चिंधी जरी पाहिजे झाली तरी खाली येऊन कातर मागायची. अशी होती. म्हणून तर जास्त राग येतो.

आता चुलीचं सांगते. आमच्या परसात आंघोळीच्या पाण्याची चूल आहे, वर तांब्याचा मोठा हंडा बसायचा. माझे सासरे होते तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या शिंप्यांचं कातरण, कापड बेतून उरलेले तुकडे हो, दिवेलागणीला त्या चुलीत जायचं. सासऱ्यांचा नियमच होता. गिऱ्हाइकानं विश्वासानं अंगाचं माप दिलेलं असतं. त्याच्या कपड्याचा तुकडा रस्त्यावर गेला, कुणा वाईट माणसाच्या हाती लागला, त्यावर कुणी करणी केली, तर पाप कुणाला? शिंप्याला. म्हणून तुकडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि आग लावायची ती गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणसानं. सासऱ्यांनी जाताना यांच्याकडून तसा शब्द घेतला होता.

तेव्हा ते ठीक होतं. सुती कातरण, भुरुभुरु जळायचं, पाणी तापायचं, चार घरांच्या आंघोळी व्हायच्या. आता गच्चीवर सोलर आलं. हंडा केव्हाच मोडीत गेला. कापडही सुती राहिलं नाही. यांचा चुलत भाऊ निवृत्ती, तीन घरं सोडून राहतो, तो पिरियापट्टणच्या शाळांचे युनिफॉर्म घेतो. पोत्यांनी कातरण, सगळं पॉलिस्टर. ते जळत नाही, वितळतं. काळा चिकट धूर निघतो, तोंडाला कडवट चव येते. पाणी कुणाचं तापत नाही, पण चूल रोज पेटते, आणि पेटवणारे हे, तोंड खाली घालून फुंकत बसणार. का, तर बापाला शब्द दिलाय!

माझं कपाळ! दोन वर्षांपासून यांना खोकला. आधी पहाटेचा, मग दिवसभराचा. मग जिना चढता येईना. चिदंबर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, बिडी किती ओढतात हो? मी म्हटलं, डॉक्टर, ह्या माणसानं सुपारी खाल्लेली नाही कधी. तेव्हा त्यांनी चुलीचं विचारलं. म्हणाले, धूर बंद करा, आजच. जेवढं फुप्फुस गेलं ते गेलं, उरलेलं तरी राखा. नाहीतर एखाद्या दिवशी खोकला सुरू होईल आणि थांबणार नाही.

तर यांना बंद करा म्हणून सरळ सांगून चालतंय होय? हट्टी माणूस. वळवावं लागतं. मी गोडीगुलाबीनं सुरू केलं. गादीवाल्याला घरी बोलावलं, चहा पाजला. तो म्हणाला, कातरण यंत्रात घालून पिंजतो, धागा धागा सुटतो, कुठला तुकडा कुणाचा ते ब्रह्मदेवाला कळणार नाही. मी यांच्यासमोर नुसतं म्हटलं, बघा, म्हणजे करणीची भीती नाही. आठ दिवसांनी हे आपणहून म्हणाले, दसऱ्याची आयुधपूजा होऊ दे, बघू. यांचं 'बघू' म्हणजे हो. तीस-पस्तीस वर्षं संसार केलाय, मला कळतं. मी देवापुढं साखर ठेवली.

आणि तेवढ्यात ही बाई मधे पडली.

तिच्याकडं हवा मोजायचं एक यंत्र होतं, साबणाच्या डबीएवढं. चूल पेटली की त्यावरचा दिवा लाल व्हायचा. मला ती दाखवायला यायची. मी म्हटलं, आनेके, मला दाखवू नकोस, माझ्या घरात खोकतंय ते यंत्र. मी करतेय काही तरी, थोडी थांब. ती हो म्हणाली. तोंडानं हो म्हणाली. आणि काय केलं? खिडकीतून फोटो काढला. हे चुलीपुढं उकिडवे बसलेत, बनियन घातलेलं, डोळ्यातून पाणी, मागं काळा धूर. तो फोटो फोनवर जगभर पाठवला. खाली इंग्रजीत लिहिलं की हा माणूस रोज आमच्या फुप्फुसात विष ओततो. तक्रार केली ती वेगळीच. दोन सरकारी माणसं आली, सगळ्या गल्लीसमोर यांच्या पेटत्या चुलीत बादलीभर पाणी ओतून गेली.

यांना आयुष्यात कुणी चढा शब्द बोललेलं नाही. गिऱ्हाइकाच्या करणीची काळजी करणारा माणूस, त्याला जगानं चोरासारखा बघितला. निवृत्तीनं तो फोटो यांना स्वतःच्या फोनवर मोठा करून दाखवला. यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग म्हणाले, बनियन तरी बदलून घेतलं असतं मी.

मला रडूच आलं. आणि मग रडण्याच्या मागून तळपायाची आग मस्तकात गेली. वर गेले तडातडा.

"कुणाला विचारून फोटो काढलास गं?"

"अंबूताई, मी तुमच्यासाठीच केलं. रंगनाथना त्रास होतो ना?"

"मग त्यांना विचारायचं होतंस! तुला थांब म्हटलं होतं मी. नवरा माझा आहे, की तुझ्या फोनमधल्या लोकांचा?"

"पण तुम्ही किती थांबणार? मी पण तीच हवा घेते. मलाही दम लागायला लागलाय."

"तू तीच हवा घेतेस, खरं आहे. पण तू आलीस तशी जाशील."

हे मी रागात बोलले. तिच्या डोळ्यात पाणी आलं. पण झालं तेच.

कारण गल्ली पेटली ना! ज्या निवृत्तीनं कधी आपलं पोतं वेळेवर आणून दिलं नाही, तो आता रोज संध्याकाळी वाजतगाजत आणायला लागला. गोरी बाई आम्हाला शिकवणार? आमच्या अग्रहारात? सरकारी माणसं परत काही आली नाहीत. दुसऱ्या आठवड्यापासून चूल दुप्पट जळायला लागली. आणि यांचं 'बघू' गेलं ते गेलंच. मी गादीवाल्याचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. म्हणायचे, आता बंद केली तर मी चोर होतो असं होईल.

गणपती झाले आणि आनेकेनं सामान बांधलं. गोकुळमला नवा फ्लॅट घेतला, हवा गाळायचं मशीन लावलेला. जाताना माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, डॉक्टर म्हणतात मला इथं राहून चालणार नाही, माझ्या फुप्फुसांना धोका आहे. मी म्हटलं, बरोबर आहे, तुझी फुप्फुसं गोकुळमला ने. यांची कुठं नेऊ ते सांगून जा. तिनं सायकल ऑटोच्या मागं बांधली आणि गेली.

तिच्या मागून निवृत्तीनं गल्लीत म्हैसूरपाक वाटला. मी माझा तुकडा खाल्ला नाही. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, भावजी, आता ती गेली, आता तरी चूल बंद करा, तुमच्या भावाला दम लागतोय. तर हसून काय म्हणतो? "वहिनी, तुम्हाला पण गोऱ्या बाईची हवा लागली काय?"

बघा आता! मी तिच्या आधीपासून सांगतेय. धूर माझ्या घरात, खोकला माझ्या घरात, डॉक्टर माझ्याशी बोलले. पण त्या बाईनं एकदा तोंड घातलं आणि माझे सगळे शब्द तिचे होऊन बसले. धूर म्हटलं की आनेके. खोकला म्हटलं की आनेके. माझ्या नवऱ्याचा जीव वाचवायचा तर मला दुसरी भाषा कुठून आणायची? म्हणून राग. तिचं खरं होतं म्हणूनच जास्त राग.

दसऱ्याच्या आधी शिंप्याला श्वास घ्यायला सवड नसते. ब्लाउज, परकर, पोरांचे कपडे. सगळ्या गल्लीचं कातरण पोती भरभरून साठलं. ठरलं की आयुधपूजेच्या संध्याकाळी सगळं एकदम जाळायचं. निवृत्तीच्या डोक्यातलं खूळ. म्हणाला, यंदा असा धूर काढू की गोकुळमला दिसला पाहिजे. आणि आमचे हे मान हलवतात! त्याच दिवशी पहाटे खोकल्यानं ओठ निळे पडले होते यांचे. मी पाठ चोळत बसले होते तासभर.

आयुधपूजेला आमच्यात मशीन धुऊनपुसून हार घालतात. कातरी, टेप, सुया पाटावर मांडून हळदकुंकू लावतात, भोपळा फोडतात. त्या दिवशी कातर हातात घ्यायची नाही, ती देवाची. पूजा झाली, चुरमुरे वाटले आणि दिवेलागणीला सगळी गल्ली आमच्या परसात जमली. चुलीच्या तोंडात पोती कोंबलेली, बाजूला आणखी रास. निवृत्तीनं वरून रॉकेल ओतलं. आणि यांच्या हातात काड्यापेटी दिली. हे खाली वाकले आणि वाकल्याबरोबर खोकला आला. लोक थांबले. खोकला संपेना. निवृत्ती म्हणतो कसा, "सावकाश, रंगण्णा, घाई नाही!"

घाई नाही म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाशी बोलून काय उपयोग? बोलले तर आनेके. रडले तर आनेके. मी दुकानात गेले. फळीवर कोऱ्या मांजरपाटाचा तागा होता, तो घेतला. कातरी पाटावर कुंकू लावून बसलेल्या, त्यांना हात लावायचा नव्हताच. तागा घेऊन परसात आले आणि चुलीसमोर उभी राहून टोक दातात धरलं, चिरलं, आणि दोन्ही हातांनी फाडलं. फर्र करून. सगळ्या ताकदीनं.

गल्लीत शिंपीच सगळे. तो आवाज कशाचा ते कुणाला सांगावं लागलं नाही. बायकांनी तोंडावर पदर घेतला. निवृत्ती दोन पावलं मागं सरला.

"वहिनी! सणाचा दिवस! काय हे अमंगळ!"

"अमंगळ हे? आणि ते काय आहे?" मी पोत्यांकडं बोट केलं. "आज नाहीतर उद्या हे फाडावंच लागणार आहे मला. तेव्हा हात थरथरतील, म्हणून आत्ताच फाडून ठेवते. सगळे जमलाच आहात, तिरडी बांधायला पण थांबा." मग यांच्याकडं वळले. "अहो, पेटवा आता. तुमचं कापड तयार आहे."

आणि पुन्हा फाडायला लागले. आणखी एक हात. आणखी एक.

हे तसेच बसलेले, काडी हातात. तोंड पांढरंफटक, त्या दिवशी जिन्यात झालं होतं तसं. मग काडी टाकली, उठले, आणि कापडाचं दुसरं टोक घट्ट धरलं. मी ओढतेय, हे सोडेनात. चार माणसांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही.

"अंबू, बेडा," म्हणाले. "नको फाडू."

आणि मग खोकले. दुसरा कुठला आवाजच नव्हता तेव्हा, सगळी गल्ली गप्प. म्हणून गल्लीला तो खोकला पहिल्यांदा नीट ऐकू आला. भिंतीला धरून वाकले, खोकत राहिले, मी पाणी दिलं ते सांडलं. थांबायला इतका वेळ लागला की निवृत्तीच खाली बसला. थांबल्यावर त्यानंच आपलं पोतं चुलीतून ओढून काढलं. रॉकेलनं त्याच्या सदऱ्याला डाग पडले.

पण आता पोती ठेवायची कुठं? रस्त्यावर नको, बापाचा शब्द. चुलीत नको, माझा शब्द. तर मी म्हटलं, वरची खोली रिकामी आहे. सगळ्यांनी मिळून पोती माडीवर चढवली. जिथं आनेके योगासनं करायची तिथं गल्लीचं कातरण छतापर्यंत रचलं आणि कुलूप घातलं. भाडं बुडालं, बुडू दे. गादीवाला येतो म्हणालाय, येईल तेव्हा खरं.

सकाळी दसरा. राजवाड्याकडं नगारे वाजत होते. फोनवर आनेकेचा निरोप आला: दसऱ्याच्या शुभेच्छा, अंबूताई, हवा कशी आहे? खाली फुलांचं चित्र. मी तिला कन्नडमध्ये उत्तर पाठवलं: ये आणि बघ. फोन घरी ठेवून ये. पोती उचलायची आहेत. तिनं अजून काही कळवलेलं नाही. आली तर जेवायला घालीन आणि जेवताना शिव्याही देईन.

फोन ठेवला तर पुढून मशीनचा आवाज. सणाच्या दिवशी इतक्या सकाळी कुणाचं काम काढलं म्हणून बघायला गेले. यांनी पाटावरच्या सुईचं कुंकू पुसलं होतं, मशीनला दोरा भरला होता आणि पूजेनंतरची पहिली शिवण घालत होते. मांडीवर तो मांजरपाट. मी जिथं जिथं फाडला होता तिथं तिथं टाके घालत होते, एकेक फाट जुळवून. मधे मधे थांबत होते, दम घेत होते, परत पाय चालवत होते.

मी दारात उभी. शिवून झालं तेव्हा दोरा तोडला, घडी घातली आणि माझ्यापुढं धरली.

"घे," म्हणाले. "टाका पडला. आता हे त्या कामाला चालायचं नाही."

मी घडी उलगडून बघितली. म्हटलं, "शिवण वाकडी आलीय."